जेथे दोर, तेथे सुरी : काइटसर्फिंगच्या सुरक्षिततेचा एक धडा

संक्रांतीला पतंग उडविणाऱ्या लहान मुलालाही वाऱ्याची ओढ म्हणजे काय, हे ठाऊक असते. हातभर कागदाचा पतंग वर चढला की मांजा बोटाला काचू लागतो. हाच पतंग मजबूत कापडाचा आणि दहा-बारा चौरस मीटर विस्ताराचा केला, त्याच्या दोऱ्या माणसाच्या कमरेला जोडल्या आणि त्या माणसाला फळीवर उभे करून समुद्रात सोडले, तर जो खेळ होतो त्याला काइटसर्फिंग म्हणतात. या खेळात वारा हा मित्र असतो आणि दोरी हा त्याच्याशी जोडणारा दुवा असतो. परंतु हा दुवा तोडण्याची वेळ आली असता तो तोडता आला नाही, तर तीच दोरी प्राणघातक ठरू शकते. म्हणून दोरी कापण्याची एक लहानशी सुरी जवळ बाळगणे या खेळात अगत्याचे मानले जाते. या सुरीमागील विचार समजून घेणे किनाऱ्यावरील गावांना, शिक्षकांना आणि नदीकाठच्या पंचायतींनाही उपयोगी पडणारे आहे.

खेळाचे स्वरूप

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील ब्रूनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या बंधूंनी १९८४ साली हवा भरून फुगविता येणाऱ्या पतंगाचे एकस्व मिळविले. पाण्यात पडला तरी न बुडणारा आणि पुन्हा उडविता येणारा पतंग हे त्यांच्या शोधाचे वैशिष्ट्य होते. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हा खेळ जगभर पसरू लागला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याच्या शर्यती मार्सेल येथील समुद्रात झाल्या. आपल्याकडे गोव्यात पेडणे तालुक्यातील मोरजीच्या किनाऱ्यावर, तसेच तामिळनाडूत रामेश्वरम आणि तुतिकोरिन परिसरात हा खेळ खेळला जातो.

खेळाडूच्या कमरेला रुंद पट्टा असतो. पट्ट्याच्या आकड्यात पतंगाची मुख्य ओढ अडकविलेली असते आणि हातातील दांडीने पतंगाची दिशा बदलता येते. दांडीपासून पतंगापर्यंत बहुधा चार किंवा पाच दोऱ्या जातात व त्यांची लांबी साधारणपणे २० ते २५ मीटर असते.

दोरी धोक्याची का ठरते

प्रथम वाऱ्याचे गणित लक्षात घ्यावे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की पतंगावरील जोर दुप्पट नव्हे, तर चौपट होतो. ताशी २२ किलोमीटर वेगाचा वारा एखाद्या झोतात ताशी ४४ किलोमीटरवर गेला, तर जी ओढ अंगाला पेलत होती तीच माणसाला फरफटत नेऊ शकते.

दुसरी गोष्ट दोरीच्या गुणधर्माची. ही दोरी एका विशेष प्रकारच्या पॉलिइथिलीन तंतूंची असते. ती मांजापेक्षा जाड असली तरी बारीकच असते, वजनाच्या मानाने पोलादाहून बळकट असते आणि ताणली असता फारशी लांबत नाही. शिवाय ती पाण्याहून किंचित हलकी असल्यामुळे सैल पडली की पोहणाऱ्याच्या भोवती तरंगत राहते. तिचा फास पायाला किंवा मनगटाला नकळत पडतो आणि पुढच्याच क्षणी लाटेने किंवा वाऱ्याने पतंग ओढला की तो फास आवळतो. बारीक धागा ताणला असता काय करू शकतो, हे आपण नायलॉन मांजाने झालेल्या जखमांवरून जाणतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने अशा मांजावर २०१७ साली देशभर बंदी घातली. काइटसर्फिंगच्या दोरीला काचेचा लेप नसतो हे खरे. तथापि तिच्यावर माणसाला पाण्यातून उचलण्याइतका ताण असतो, हे विसरून चालणार नाही.

सुटकेच्या तीन पायऱ्या

या साधनांत सुटकेची सोय मुळातच केलेली असते. पहिली पायरी म्हणजे कमरेजवळची तत्काळ सुटकेची कळ. ती ढकलताच मुख्य ओढ सुटते, पतंग एकाच दोरीवर लोंबकळतो आणि त्यातील जोर नाहीसा होतो. ती एक दोरी सुरक्षापट्ट्याने खेळाडूला जोडलेली असते. एवढ्यानेही ओढ थांबली नाही, तर दुसरी पायरी म्हणून तो सुरक्षापट्टाही सोडून पतंगाचा पूर्ण त्याग करता येतो.

मात्र या दोन्ही पायऱ्या दोरी आपल्या जागी असेल तेव्हाच उपयोगी पडतात. दोरी पायाला गुंडाळली गेली, दुसऱ्या खेळाडूचा पतंग येऊन दोन्हींच्या दोऱ्यांचा गुंता झाला किंवा पाण्यातील जुन्या जाळ्यात त्या अडकल्या, तर कळ दाबूनही माणूस मोकळा होत नाही. येथे तिसरी आणि अखेरची पायरी येते, ती सुरीची. सुरी ही कळीला पर्याय नव्हे. कळ जेथे हतबल होते तेथून सुरीचे काम सुरू होते.

सुरी कशी असावी, कोठे असावी

स्वयंपाकघरातील टोकदार सुरी या कामाला निरुपयोगी आहे. लाटांत हेलकावे खाणाऱ्या माणसाच्या हाती उघडे पाते दिले, तर दोरीआधी त्याचे स्वतःचे अंग कापले जाण्याचा संभव अधिक. त्यामुळे या कामासाठी आकडीच्या आकाराची सुरी वापरतात. तिचे टोक बोथट असते, पाते आकडीच्या आतल्या बाजूस बसविलेले असते आणि फट इतकी अरुंद असते की तीत दोरी शिरते, पण बोट शिरत नाही.

ती कोठे ठेवावी, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. पाठीमागच्या खिशात किंवा किनाऱ्यावरच्या पिशवीत ठेवलेली सुरी असून नसल्यासारखी होय. एक हात दोरीत अडकला असेल, तर दुसऱ्या हाताने ती काढता आली पाहिजे. आणि कोणता हात अडकेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून ती पट्ट्याच्या पुढील भागी, दोन्ही हातांना पोहोचेल अशी असावी. काही जण दुसरी सुरी तरंगजाकिटावर ठेवतात. सुरी हातातून निसटू नये म्हणून तिला आखूड दोरा बांधणेही इष्ट असते.

वापर, सराव आणि निगा

सुरी वापरताना क्रम चुकता कामा नये. शक्य असेल तर आधी कळ दाबून पतंगाचा जोर काढावा. पतंग जोरात असताना दिशा देणारी एकच दोरी कापली, तर तो एका बाजूस गरगर फिरू लागतो आणि ओढ उलट वाढते. ताणलेल्या दोरीला हाताने धरू नये व तिचे वेढे बोटांभोवती घेऊ नयेत. आकडी दोरीत अडकवून अंगापासून दूर झटक्याने ओढावी. सैल दोरी पात्यापुढे सरकत राहते, ताणलेली मात्र चटकन तुटते. जी दोरी अंगाला आवळते आहे तीच प्रथम कापावी. पतंग जवळ राहिला तर त्याच्या हवेच्या नळीचा आधार घेऊन तरंगता येते. म्हणून किनारा दूर असताना सर्व दोऱ्या कापून तो घालवणे हा अगदी अखेरचा उपाय समजावा.

हे सारे वाचून येत नाही. जमिनीवर उभे राहून, डोळे मिटून, आधी उजव्या आणि मग डाव्या हाताने सुरी काढण्याचा सराव करावा. टाकाऊ दोरीचा तुकडा ताणून तो कापून पाहावा. खाऱ्या पाण्याने गंज चढतो, म्हणून प्रत्येक वापरानंतर सुरी गोड्या पाण्याने धुऊन वाळवावी आणि पाते बोथट झाल्यास बदलावे.

गावासाठी बोध

किनाऱ्यावरील ग्रामपंचायतीसमोर जलक्रीडेचा विषय येतो, तेव्हा साधने आहेत का, एवढेच विचारून भागत नाही. प्रत्येकाजवळ सुरी आहे का, ती दोन्ही हातांना पोहोचते का आणि तिचा सराव कधी घेतला, हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत. शाळेत वाऱ्याचा वेग आणि जोर यांचे नाते शिकविताना शिक्षकांना हे उदाहरण घेता येईल.

ज्या गावी समुद्र नाही, तेथेही हा धडा लागू पडतो. पुराच्या वेळी बुडणाऱ्याला वाचविण्यासाठी कोणाच्या तरी कमरेला दोराची पक्की गाठ मारून त्याला प्रवाहात उतरविले जाते. यामागील धाडस वंदनीय असले, तरी पद्धत घातक आहे. काठावरच्यांनी दोर घट्ट धरला की प्रवाहाचा दाब त्या माणसाला पाण्याखाली दडपतो, आणि भिजून आवळलेली गाठ त्याच्या हातांनी सुटत नाही. अशा वेळी शक्यतो काठावरूनच दोर फेकावा. माणूस उतरविणे भागच असेल, तर तो प्रशिक्षित असावा, त्याला स्वतःला सोडता येईल असा पट्टा असावा आणि त्याच्या व काठावरील सहकाऱ्यांच्या हाताशी आकडीची सुरी असावी. पंचायतीच्या आपत्तीसाहित्यात नवा दोर दाखल होईल तेव्हा त्याच नोंदवहीत सुरीचीही नोंद व्हावी, आणि पावसाळ्यापूर्वीच्या तपासणीत दोराबरोबर तिची धारही पाहिली जावी.