तो गाडीवर असताना

अगं धाकटे, लग्नाची हळद अजून उतरली नाही आणि तुझी एकच तक्रार, 'ताई, हे फोनच उचलत नाहीत.' नाहीच उचलणार. बारा टायरी गाडी हाकतोय तो, दोन्ही हात स्टेअरिंगवर असतात त्याचे. हे आधी डोक्यात पक्कं बसव, मग पुढचं बोलू.

आपल्या पाथर्डी-आष्टीच्या पट्ट्यात कितीतरी घरांतला बाप्या एकतर ऊसतोडीला, नाहीतर गाडीवर. पण पोरगी देताना 'मुलगा कमावता आहे' एवढंच बघतात. गाडीवाल्याचा संसार कसा करायचा, ते कुणी सांगत नाही. आईनं मला नाही सांगितलं, तुझ्या सासूनं तुला नाही सांगितलं. म्हणून मी बसलेय सांगायला.

गाडीवाल्याच्या बायकोचं पहिलं काम म्हणजे त्याची झोप राखणं. हसू नको. लासलगावचा कांदा भरून कोलकात्याला निघाला की धुळे, जळगाव, अकोला, नागपूर, रायपूर, संबलपूर करत अठराशे किलोमीटरच्या आसपास जायचं असतं. कांदा काही वाट बघत नाही, ताडपत्रीखाली तापला की सडायला लागतो. त्यामुळं शेठचा फोन, ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन, तिकडच्या व्यापाऱ्याचा फोन, 'कुठं पोहोचलास?' ई-वे बिल लागणारा माल असला तर आणखी घाई. त्याची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस. वाढवून मिळते, पण ती कुणीतरी वेळेत वाढवायला हवी. या सगळ्यात झोप कुठं बसवायची? सरकारनं १९६१ सालीच मोटार कामगारांचा कायदा केला होता. दिवसाला ८ तास काम, लांबच्या रूटला फार तर १०, आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. तो होता पाच किंवा जास्त माणसं कामाला ठेवणाऱ्यांसाठी. आपल्याकडच्या शेठच्या दोन गाड्या नि दोन ड्रायव्हर, तिथं कोण बघतो घड्याळ!

म्हणून फोन लागला की आधी कान दे. मागं इंजिनाची घरघर आहे, हॉर्न वाजतोय आणि तो म्हणतोय 'ढाब्यावर जेवतोय', तर वाद घालू नको. 'बरं' म्हण आणि ठेवून दे. ताटांचा खणखणाट ऐकू आला, कुणी रोटीची ऑर्डर ओरडतंय, तर मग बोल निवांत. आमच्यात ठरलेलं आहे, गाडी बाजूला लावून आडवं व्हायच्या आधी त्यांनी फोन करायचा. मी आपणहून करत नाही, अगदीच अडल्याशिवाय. आणि जाऊबाई काय बोलल्या, बांधावरून कोण भांडलं, हे फोनवर काढायचंच नाही. त्याला तिकडून काही करता येत नाही, फक्त झोप उडते. पहाटे दोन ते पाच ही वेळ सगळ्यात वाईट. डोळे उघडे असतात आणि माणूस झोपलेला असतो.

सणाचा हट्ट तर अजिबात करू नको. 'दिवाळीला पोहोचाच' असं तू प्रेमानं म्हणतेस, तो नागपूर ते नगर एका दमात मारतो. लक्ष्मीपूजन एक दिवस उशिरा केलं म्हणून लक्ष्मी रुसत नाही.

आता पैशाचं. पगार वेगळा, भत्ता वेगळा आणि खर्ची वेगळी. निघताना शेठ हातात देतो ती खर्ची गाडीची असते, तुझी नाही. पंक्चर, हमाली, काट्याचे पैसे, वाटेतली 'चहापाण्याची' देणी सगळं त्यातून जातं. त्यातले हजार-दोन हजार घरी पाठवायला लावलेस की हिशोबाच्या दिवशी ते पगारातून कापून घेतले जातात आणि वर तो चोर ठरतो ते वेगळंच. प्रत्येक पावतीचा फोटो तुझ्या मोबाइलवर पाठवायला सांग. केबिनमधल्या पावत्या घामानं नि डिझेलनं पुसून जातात. गाडी खाली व्हायला चार दिवस लागले तर त्या दिवसांचा भत्ता मिळणार का, हे निघायच्या आधी विचारायचं असतं, नंतर नाही. आणि पगार होईल तेवढा बँकेत घ्यायला लाव, रोख नको. शेठ कुरकुर करेल, करू दे. उद्या काही वाईटवंगाळ झालं तर हा माणूस आमच्याकडं कामालाच नव्हता म्हणायला लोक कमी करत नाहीत. कामावर असताना अपघात झाला तर भरपाई मागायचा हक्क आहे, पण कामावर होता हे दाखवायला कागद लागतो.

कागदांवरून आठवलं. गाडीच्या विम्यात १५ लाखांचं अपघाती संरक्षण असतं असं तो तुला छातीठोक सांगेल. ते गाडीचा मालक स्वतः गाडी चालवत असेल तर त्याच्यासाठी असतं, पगारी ड्रायव्हरसाठी नाही. पगारी ड्रायव्हरचा हप्ता पॉलिसीत वेगळा दाखवलेला असतो. ती पॉलिसी मागून घे, फोटो काढ, ती ओळ शोध. जड वाहनाचं लायसन्स आता ५ वर्षांनी नवं करावं लागतं, आधी ३ होतं. संपायच्या आधी आठवण तूच ठेवायची. तो रायपूरला असताना त्याला तारीख आठवणार आहे होय?

एक अवघड गोष्ट सांगते. २०२४ च्या जानेवारीत ड्रायव्हर लोकांनी गाड्या उभ्या केल्या होत्या, पंपांवर रांगा लागल्या होत्या, आठवतं ना? नव्या कायद्यात अपघात करून पोलिसांना न कळवता पळून गेलं तर १० वर्षांपर्यंत शिक्षा लिहिली होती. पुढं १ जुलैला बाकी कायदा लागू झाला, ते कलम तेवढं थांबवून ठेवलं. या लोकांची भीती खोटी नव्हती, चूक कुणाचीही असो, जमाव मोठ्या गाडीवाल्यालाच धरून मारतो. तरी तू त्याला सांगून ठेव, जीव वाचवायला बाजूला जा, पण जाता जाता ११२ ला फोन कर आणि सरळ जवळच्या ठाण्यात जाऊन बस. राष्ट्रीय महामार्गावर मदतीला १०३३ आहे. दोन्ही नंबर केबिनमध्ये आरशाखाली मोठ्या अक्षरात लिहून लाव, क्लीनरलाही दिसले पाहिजेत.

डब्याचं तू करतेसच. दशम्या दुधात मळ म्हणजे तीन-चार दिवस टिकतात. शेंगदाण्याची नि तिळाची चटणी बरणीत दे, रोजच्या तेलकट डाळ-तडक्यापेक्षा बरं. माव्याच्या पुड्या पिशवीत दिसल्या तर फेकून दे खुशाल, जाग यायला खातो म्हणतात, तोंड उघडेनासं झालं की कळतं. उन्हाळ्यात विदर्भातून जाताना केबिनची भट्टी होते. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची केलीय, पण आपल्या शेठची गाडी जुनी, तिला काय त्याचं! पाण्याचा कॅन मोठा दे. घरी आला की साखर, बीपी आणि डोळे तपासून घे. आणि सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची तपासणी फुकट होते, नाव बाहेर जात नाही. दोघांनी मिळून करा. संशय म्हणून नाही, 'मीपण करते' म्हणून चल त्याच्याबरोबर. लाजलीस तर नुकसान तुझंच आहे, पोरी.

तो घरी आला की पहिला दिवस झोपू दे. दुसऱ्या दिवसापासून तो तुझ्या कारभारात तोंड घालायला लागेल, डबे इकडचे तिकडे, पुढं पोरं झाली की त्यांना शिस्त, खर्चावर टोमणे. ऐकून घे, पण कारभार सोडू नको. महिन्यातले बहुतेक दिवस घर तू चालवतेस. उद्या पोरांची शाळा कुठली, दवाखाना कुठला, बचत गटाचं कर्ज घ्यायचं का, हे तुला ठरवता आलंच पाहिजे. दर वेळी 'हे आल्यावर बघू' म्हणत बसलीस तर वर्ष निघून जातं.

आता उद्या एक काम कर. बँकेत जा आणि त्याच्या खात्याला प्रधानमंत्री सुरक्षा विमा नि जीवन ज्योती विमा, दोन्ही जोडलेत का विचार. एकाला वर्षाला २० रुपये, दुसऱ्याला ४३६, आणि प्रत्येकाचे २ लाख. अपघातात माणूस गेला तर दोन्ही मिळतात. वारस म्हणून तुझं नाव लागलंय का बघ, बहुतेक अजून सासूबाईंचंच असेल. आणि मे महिना संपायच्या आत खात्यात तेवढे पैसे शिल्लक ठेव. १ जूनपासून नवं वर्ष धरतात, हप्ता कापला गेला नाही तर विमा बंद पडतो.