🍇 ब्रिक्स मीटरची काच जपा, मालाचा आकडा खरा ठेवा



*आजचा विषय:* गोडी मोजायच्या मीटरची (रिफ्रॅक्टोमीटर) निगा
*कोणासाठी:* द्राक्ष, बेदाणा, डाळिंब आणि ऊस उत्पादक सभासद

मेसेज थोडा मोठा आहे. सवडीने वाचा आणि सेव्ह करून ठेवा.

बिळूर, उमदी, संख, डफळापूर भागात आता बऱ्याच बागायतदारांकडे स्वतःचा ब्रिक्स मीटर आहे, ही चांगली गोष्ट. पण तो ठेवलेला कुठं असतो? ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये पान्यांबरोबर, नाहीतर औषधाच्या खोलीत गंधकाच्या पोत्यावर. पुसायला शर्टाचं टोक. असा मीटर बंद पडत नाही, आकडा दाखवतच राहतो. फक्त तो आकडा चुकीचा असतो, आणि खरा धोका तिथंच आहे.

*१) एका ब्रिक्सची किंमत किती?*

१ ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम द्रावणात १ ग्रॅम साखर. बेदाण्याला आपण साधारण २२ ब्रिक्सच्या पुढं माल काढतो. समजा मीटर १ ने जास्त दाखवतोय. तुम्ही २२ समजून बाग उतरवली, पण माल होता २१ चा.

बेदाण्यात १६ टक्के पाणी धरून साधा हिशोब करा:
▪️ २२ ब्रिक्सचा १ टन माल = सुमारे २६२ किलो बेदाणा
▪️ २१ ब्रिक्सचा १ टन माल = सुमारे २५० किलो बेदाणा

टनामागं १२ किलो गेले. एकरी ८ टन माल धरला तर जवळपास ९५ किलो, म्हणजे १५ किलोच्या सहा पेट्या. खत तेवढंच, पाणी तेवढंच, मजुरीही तेवढीच. फक्त आठवडाभर आधी कात्री लागली.

*२) आत काय आहे?*

मीटर म्हणजे एक छोटी दुर्बीणच. पुढं तिरपी काच (प्रिझम), मध्ये भिंगं आणि आकड्यांची पट्टी, मागं डोळा लावायची काच. रसात साखर जास्त तेवढा उजेड जास्त वाकतो आणि निळ्या-पांढऱ्या भागाची रेघ वर सरकते. जर्मनीच्या येना शहरात अर्न्स्ट आबे यांनी १८७४ मध्ये ज्या यंत्राची माहिती छापली, त्याच तत्त्वावर आपला खिशातला मीटर चालतो.

रेघ स्वच्छ दिसली तरच आकडा खरा. काचेवर ओरखडा, तेल किंवा वाळलेला रस असला की रेघ फाटते नाहीतर सरकते.

*३) पुसायची पद्धत*

दुर्बीण, कॅमेरा, बंदुकीवरची दुर्बीण, मोजणीचं यंत्र, कुठलीही काच असो, नियम एकच: *आधी धूळ उडवा, मग पुसा.* आपल्याकडची धूळ म्हणजे बारीक खडेच. धुळीसकट काच घासली की ओरखडा पडतो, आणि तो परत निघत नाही.

✅ आधी रबरी फुग्याने हवा मारा किंवा मऊ ब्रशने धूळ झाडा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते.
✅ प्रत्येक नमुन्यानंतर ओल्या मऊ सुती कापडाने काच आणि वरचं प्लास्टिकचं झाकण दोन्ही पुसा, मग कोरड्या कापडाने टिपून घ्या. चष्म्याचं कापड उत्तम.
✅ काच तेलकट वाटली, रस पसरायच्या ऐवजी थेंब-थेंब होऊन राहिला, तर पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून त्या पाण्याने पुसा. मग साध्या पाण्याने दोनदा.

❌ शर्ट, टॉवेल, डोक्याचं फडकं, वर्तमानपत्र नको.
❌ पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश काढायचं औषध नको. काचेचे जोड सुटतात, प्लास्टिक पांढरं पडतं.
❌ नळाखाली धरू नका, बादलीत बुडवू नका. पाणी आत गेलं की भिंगावर वाफ धरते.

⚠️ *बेदाणा शेडवर विशेष काळजी:* डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटचं द्रावण हाताला असताना मीटर धरू नका. तेलाने काच धुरकट होते आणि कार्बोनेट रसात मिसळलं तर आकडा उगाच वाढतो. हात धुवा, मगच मीटर उचला.

वाळलेल्या रसाचंही तसंच. सकाळच्या नमुन्याचा रस काचेवर वाळला आणि त्यावरच दुपारचा थेंब टाकला, तर मीटर दोन्हीची साखर मिळून दाखवतो.

*४) शून्य तपासणी: रोज, वापरायच्या आधी*

काचेवर पाण्याचे दोन-तीन थेंब टाका. रेघ बरोबर ० वर आली पाहिजे. नसेल तर सोबतच्या छोट्या पेचकसाने स्क्रू हळूच फिरवा. जोर लावू नका.

*पाणी कुठलं?* बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या. बोअरचं पाणी नको. लिटरला २ ग्रॅम क्षार असलेलं पाणी स्वतःच ०.२ च्या आसपास दाखवतं. त्यावर शून्य लावलं की पुढचे सगळे आकडे तेवढेच कमी येतात.

*दुसरी चाचणी महिन्यातून एकदा:* २० ग्रॅम साखर + ८० ग्रॅम पाणी, दोन्ही डिजिटल काट्यावर मोजून घ्या आणि साखर पूर्ण विरघळू द्या. मीटरने २० दाखवलं पाहिजे. शून्य बरोबर, पण इथं १९ किंवा २१ येत असेल, तर मीटर कंपनीच्या केंद्रावर आणून दाखवा. तोवर त्याच्या भरवशावर सौदा करू नका.

*५) उन्हाचा खेळ समजून घ्या*

मीटरची पट्टी २० अंश सेल्सिअसला आखलेली असते. रस तापला की आकडा कमी येतो: ३० अंशाला साधारण ०.८ ने, ३५ अंशाला सुमारे १.२ ने.

काही मीटरवर एटीसी लिहिलेलं असतं. म्हणजे तापमानाचा फरक तो स्वतः भरून काढतो, पण बहुतेक मीटरमध्ये हे फक्त १० ते ३० अंशांपर्यंतच. मार्च-एप्रिलची जतची दुपार त्याच्या बाहेरची आहे.

साध्या मीटरचा मोठा फसवा प्रकार असा: *दुपारी ३५ अंशाला शून्य लावलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गारव्यात माल मोजला, तर आकडा सुमारे १ ने जास्त येतो.* म्हणजे वरचं ९५ किलोचं गणित.

👉 म्हणून सकाळी, सावलीत मोजा. मीटर, पाणी आणि घड अर्धा तास एकाच सावलीत ठेवा आणि तिथंच शून्य लावा. रस टाकल्यावर अर्धा मिनिट थांबून मग बघा.

🛑 उजेडाकडं तोंड करून बघा, पण *थेट सूर्याकडं कधीच नाही.* डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. लहान मुलांच्या हातात मीटर देऊ नका.

*६) नमुना नीट घ्या*

काच कितीही स्वच्छ असली तरी एका मण्यावर बागेचा निर्णय होत नाही. खांद्याचा मणी गोड लागतो, शेंड्याचा कमी. प्रत्येक घडाचा वरचा, मधला, खालचा मणी घ्या. बांधाकडची आणि मधली, दोन्ही झाडं घ्या. सगळ्यांचा रस एकत्र करून कापडातून गाळा, मग मोजा. डाळिंबाचंही तसंच: तीन-चार झाडांची फळं फोडून दाण्यांचा रस एकत्र करा. काचेवर बुडबुडा राहू देऊ नका.

*७) ठेवायचा कुठं?*

▪️ स्वतःच्या डबीत, घरात, औषधं आणि खतांपासून लांब.
▪️ गाडीच्या डिकीत, ट्रॅक्टरवर उन्हात नको. तापून काचेचे जोड सैल होतात.
▪️ हंगाम संपल्यावर पुसून, पूर्ण वाळवून मगच डबी बंद करा. बुटाच्या खोक्यात येणारी सिलिका जेलची पुडी आत टाका.
▪️ आपल्याकडं पाऊस कमी असला तरी परतीच्या पावसात ओल धरतेच. बंद डबीत ओल राहिली की भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढते आणि ती काचेला खाते. महिन्यातून एकदा डबी उघडून तासभर हवा द्या, सावलीत.
▪️ डिजिटल मीटर असेल तर सेल काढून ठेवा. मोजताना त्यावर थेट ऊन पडू देऊ नका.

*८) नवीन घेताना*

० ते ३२ ब्रिक्सचा, ०.२ च्या खुणा असलेला घ्या. मधाचा मीटर ५८ च्या पुढं मोजतो, तो द्राक्षाला चालत नाही. दुकानातच पाणी टाकून शून्य बघा.

*९) सौद्याच्या दिवशी*

व्यापाऱ्याचा मीटर एक सांगतो, आपला दुसरा, आणि मग वाद. वाद घालू नका. दोन्ही मीटर पुसा, एकाच बाटलीतल्या पाण्यावर शून्य लावा, एकाच वाटीतला रस दोन्हींवर टाका. मीटर ठीक असतील तर बहुतेक वेळा आकडे जुळतात. तरीही जुळले नाहीत तर साखर-पाण्याचं २० चं द्रावण काढा, खोटा कोण ते लगेच कळतं. ती बाटली त्याच दिवशी सकाळी ताजी बनवून जवळ ठेवा. शिळं द्रावण आंबतं.

📌 *लक्षात ठेवायच्या तीन गोष्टी:* आधी धूळ उडवा, मग पुसा. वापरायच्या जागीच शून्य लावा. कोरडा करून ठेवा.

येत्या गट बैठकीला तुमचा मीटर सोबत आणा. सगळ्यांचे मीटर एकाच द्रावणावर तपासून देऊ. शेजाऱ्याकडं मीटर असेल तर त्यांनाही हा मेसेज पाठवा.


– कृषी सल्ला विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी, जत