चाकाच्या आकाराचा शत्रू

मेलबर्न हे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरील एक मोठे शहर. तेथे लहान मुलांचे एक नामांकित रुग्णालय आहे. पूर्वी हिवाळा आला, की त्या रुग्णालयात एकाच विकाराची बालके मोठ्या संख्येने येत. बालकाला ओकाऱ्या होत असत, अंगात ताप असे आणि मागोमाग पाण्यासारखे जुलाब लागत. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले, टाळू खाली बसलेली; रडताना डोळ्यांतून टिपूसही गळत नसे. डॉक्टर मलाची परीक्षा करीत. परंतु पुष्कळदा तीत रोगाचा एकही जंतू सापडत नसे. चोर घर धुऊन नेई, पण त्याच्या पावलाची खूण मात्र उमटत नसे!

रूथ बिशप या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ त्या रुग्णालयात संशोधन करीत होत्या. हा विकार होऊन गेलेल्या मुलांच्या आतड्याचे अस्तर बिघडलेले असते व काही आठवड्यांनी ते पूर्ववत होते, हे त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना ठाऊक होते. मग आजार ऐन भरात असताना तेथे काय घडत असेल? प्रश्न साधा होता. पण पाहायचे तर ते त्याच वेळी पाहायला हवे होते. 1973 साली त्यांनी नऊ आजारी मुलांच्या लहान आतड्याच्या अस्तराचे अगदी बारीक तुकडे मिळविले आणि ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. नवांपैकी सहा मुलांच्या पेशींत विषाणूंचे गोल गोल कण दाटीने भरलेले दिसले. एक कण सुमारे 70 नॅनोमीटर रुंद, म्हणजे एका मिलिमीटरच्या लांबीत असे चौदा हजारांहून अधिक कण ओळीने बसतील! त्यांचा आकार आरे असलेल्या चाकासारखा होता. म्हणून टॉमस फ्ल्युएट या शास्त्रज्ञाने त्याला 'रोटाव्हायरस' हे नाव सुचविले. लॅटिन भाषेत 'रोटा' म्हणजे चाक. आपला 'रथ' हा शब्दही त्याच कुळातला आहे.

आपल्या लहान आतड्याच्या आतल्या बाजूस बोटांसारखे असंख्य सूक्ष्म अंकुर असतात. अन्नरस व पाणी शोषून घेण्याचे काम त्यांचे. रोटाव्हायरस नेमका या अंकुरांच्या टोकांवरील पेशींत शिरतो व त्यांचा नाश करतो. मग पोटात गेलेले पाणी शरीरात न मुरता बाहेर पडते, आणि त्याबरोबर क्षारही जातात. मोठ्या माणसाला हे काही काळ सोसते. तान्ह्या मुलाच्या लहानशा देहातील पाण्याचा साठा मात्र पाहता पाहता आटतो. मृत्यू येतो तो बहुधा या शुष्कतेमुळे. 2013 साली जगातील पाच वर्षांखालील सुमारे 2 लाख 15 हजार बालके या एका विषाणूने दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. हा विषाणू श्रीमंताच्या घरीही शिरतो. पण जेथे वेळेवर पाणी व उपचार मिळत नाहीत, तेथेच तो अधिक जीव घेतो.

गेलेले पाणी परत देण्याचा उपाय मात्र स्वस्त आहे. एक लिटर शुद्ध पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळविले, की घरगुती जलसंजीवनी तयार होते. आरोग्य केंद्रात तिची पुडीही मिळते. आजारी आतड्यातही साखर मिठाला सोबत घेऊन आत शिरते आणि त्या दोघांच्या मागोमाग पाणी जाते. घोटघोट पाजत राहावे. ओकारी झाली तरी थोडे थांबून पुन्हा पाजावे. मुलाचे अंगावरचे दूध मात्र बंद करू नये.

पण विकार होऊच नये, यासाठी काय करावे? याचे उत्तर अनपेक्षित ठिकाणी सापडले. मेलबर्नमधील काही नवजात बालकांना जन्मानंतर लगेच रोटाव्हायरसची लागण झाली, तरी ती आजारी पडली नाहीत; पुढे त्यांना तीव्र अतिसारही झाला नाही. ही गोष्ट बिशपबाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 साली प्रसिद्ध केली. अशीच बालके 1985-86 च्या सुमारास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतही आढळली. तेथील डॉ. महाराज किशन भान व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सौम्य विषाणू जपून ठेवला. तो मूळचा माणसाचा. पण त्याचे एक जनुक गाईगुरांच्या विषाणूकडून आलेले! त्यापासूनच पुढे हैदराबादच्या एका कंपनीत लस तयार झाली. दिल्ली, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्यातील वढू येथे मिळून 6,799 बालकांवर तिची चाचणी झाली. विषाणू हाती लागल्यापासून हे घडायला पाव शतकाहून अधिक काळ लागला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

रोटाव्हायरसची लस 2016 साली प्रथम चार राज्यांत आणि 2019 साली महाराष्ट्रात सरकारी लसीकरणात दाखल झाली. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात ती बाळाच्या तोंडात पाजतात. सुई टोचावी लागत नाही. त्या चाचणीत पहिल्या वर्षातील तीव्र आजाराचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. ज्यांना तरीही जुलाब होतात, त्यांच्यासाठी साखर-मिठाच्या पाण्याचा पेला आहेच.