पावसाळा, बुरशी आणि कॅमेऱ्याचे भिंग



लोंढ्याचा पाऊस आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. जूनमध्ये एकदा सुरू झाला की दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, डब्यातला पापड मऊ पडतो आणि कोपऱ्यातल्या चामडी चपलेवर पांढरट बुरशी चढते. चप्पल पुसून पायात घालता येते. हीच बुरशी भिंगात शिरली तर मात्र तिच्या आम्लामुळे काचेवर कायमचे व्रण राहू शकतात. कपाटातला आजोबांचा कॅमेरा, एखाद्या माजी विद्यार्थ्याने लग्नाचे फोटो काढण्यासाठी कर्ज काढून घेतलेला नवा कॅमेरा आणि आपल्या प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शक, या सर्वांचा शत्रू एकच आहे.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाल्याने ‘उत्तल’ आणि ‘अवतल’ हे शब्द आमच्या तोंडी बसलेले. ‘बहिर्वक्र’ आणि ‘अंतर्वक्र’ नंतर शिकलो. नाव काहीही असो, कॅमेऱ्याचे भिंग ही साधी काच नव्हे. तिच्यावर अतिशय पातळ लेप असतो. जर्मनीतील झाइस कारखान्यात अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली ही युक्ती शोधली. काचेवरून परत फिरणारा प्रकाश या लेपामुळे कमी होतो व चित्र स्पष्ट येते. लेपाच्या एका थराची जाडी साधारण शंभर नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहाहजारावा भाग. आता सदऱ्याच्या टोकाने खसाखसा पुसण्यापूर्वी याचा विचार करावा.

सदरा मऊ असतो, मग बिघडते काय? बिघाड कापडात नाही, धुळीत आहे. रस्त्याच्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे, कण असतात. मोहच्या मोजपट्टीवर क्वार्ट्झचे काठिण्य ७ आणि सामान्य काचेचे साडेपाचच्या आसपास. धूळ न झटकता पुसणे म्हणजे काचेवर पॉलिश पेपर फिरवणेच होय.

म्हणून प्रथम भिंग खाली तोंड करून धरावे आणि रबरी फुग्याने हवा मारावी. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे तुषार उडतात. उरलेले कण स्वच्छ, मऊ कुंचल्याने अलगद काढावेत. कुंचल्याच्या केसांना बोट लावू नये, बोटाचे तेल त्यांना लागते. एवढ्यावर बहुतेक वेळा काम संपते. बोटाचा ठसा किंवा तेलकट डाग असेल तरच भिंग पुसण्याचे खास द्रव घ्यावे. ते थेंबभर आणि कापडावर घ्यायचे, भिंगावर कधीही ओतायचे नाही. कडेने आत गेले तर दुरुस्तीचा खर्च नव्या भिंगाच्या जवळ जातो. मायक्रोफायबर कापडाने मध्यापासून कडेकडे, न दाबता, गोल फिरवत पुसावे. नखाचे रंग काढायचे ॲसिटोन प्लास्टिकला खाते आणि खिडकीच्या काचा पुसायच्या फवाऱ्यात बहुधा अमोनिया असतो. दोन्ही दूर ठेवावेत. एखाददुसरा धुळीचा कण फोटोत दिसतही नाही, त्यासाठी रोज पुसत बसू नये. आमच्या मते धुळीपेक्षा अती स्वच्छतेने अधिक भिंगे खराब होतात.

बुरशीचे उत्तर पुसण्यात नाही, साठवण्यात आहे. चामड्याची पेटी दिसायला सुंदर, पण ओल धरून ठेवते. रबरी कडेचा घट्ट झाकणाचा डबा घ्यावा व त्यात सिलिका जेल ठेवावे. नारिंगी जेल हिरवे पडले की ओल भरली असे समजून ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येते. निळे, गुलाबी पडणारे जेल कोबाल्टयुक्त असल्याने लहान मुलांच्या हाती देऊ नये. डब्यात आर्द्रता ४० ते ५० टक्के राहावी. तांदळात कॅमेरा पुरून ठेवण्याची पद्धत आम्हांला मान्य नाही. ओल फारशी जात नाही आणि पिठूळ धूळ मात्र आत शिरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे भिंगाच्या आत दिसलेच, तर ते भिंग इतरांपासून वेगळे ठेवून जाणकार कारागिराकडे द्यावे. घरी स्क्रू उघडू नयेत.

रेल्वेच्या वातानुकूलित डब्यातून जुलैत आपल्या फलाटावर उतरलात, तर कॅमेरा लगेच बाहेर काढू नका. थंड काचेवर दमट हवेचे पाणी जमते. पिशवी बंदच ठेवून अर्धा तास थांबावे. दूधसागरजवळ तुषार उडाले तर आधी टिपून घ्यावे, घासू नये.

सूक्ष्मदर्शकाबाबत एक सूचना. कांद्याचा पापुद्रा पाहताना नळी फार खाली आणल्यास आयोडीनचे पाणी वस्तुभिंगाला लागते. तास संपण्यापूर्वी ते भिंगाच्या कागदाने टिपावे, रुमालाने नव्हे. विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे की प्रयोगशाळेसाठी घट्ट झाकणाचे दोन डबे व पुरेसे सिलिका जेल जूनपूर्वी मिळावे. पालकांपैकी कोणाकडे जुना कॅमेरा असेल तर शनिवारी शाळा सुटल्यावर घेऊन यावा, नववीचे विद्यार्थी फुगा व कुंचला वापरून दाखवतील.