उचल, कोयता आणि वेस : स्थलांतराच्या अभ्यासातून सभासदांनी काय घ्यावे?



गाळप हंगाम जवळ आला की आपल्या बोलण्यात एकच विषय असतो. टोळ्या किती आल्या आणि किती फुटल्या? मुकादम उचल घेऊन बसला, टोळी आलीच नाही, ही तक्रार दर सभेला होते. पण ही माणसे घर सोडून का निघतात आणि कोणत्या हिशेबाने निघतात, याचा विचार आपण सहसा करत नाही. या विषयाचा आज विद्यापीठांतून रीतसर अभ्यास होतो. त्यातले आपल्या कामाचे तेवढे या पाठात मांडत आहोत.

ढकल आणि ओढ

1885 साली लंडनमध्ये रॅव्हनस्टाईन नावाच्या मूळच्या जर्मन भूगोलतज्ज्ञाने जनगणनेच्या आकड्यांवरून 'स्थलांतराचे नियम' मांडले. बहुतेक माणसे लांब जात नाहीत, जवळच जातात. जाणाऱ्यांचा लोंढा असला की उलट येणाऱ्यांचाही असतोच. आणि चार पैसे बरे मिळावेत, हे जाण्याचे मुख्य कारण असते. पुढे 1966 मध्ये अमेरिकेतल्या एव्हरेट ली यांनी यात भर घातली. गावाकडून ढकलणारी कारणे वेगळी, बाहेरून ओढणारी वेगळी आणि मधल्या वाटेवरच्या अडचणी वेगळ्या, असे त्यांनी सांगितले.

आपल्याला हे पटकन समजते. बीड, पाथर्डीकडची कोरडवाहू जमीन ढकलते, बागायती पट्टा ओढतो. 1972 च्या दुष्काळाने काय केले, हे जुन्या सभासदांना ठाऊक आहे. पण एवढ्याने सगळे उलगडत नाही. ते का, हे समजण्यासाठी घाटाखालच्या एका गावाकडे पाहू.

खांबची दोन वाटांची गोष्ट

खांब हे रायगड जिल्ह्यात, रोहे तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणे आणि कोलाड यांच्या दरम्यान आहे. तिकडे आपल्यासारखा ऊस नाही, भात आहे. पण या टापूतून माणसे दोन तऱ्हांनी बाहेर पडली.

पहिली तऱ्हा चाकरमान्याची. कोकणातला गडी मुंबईला गिरणीत किंवा गोदीत लागला. गाववाल्याच्या खोलीत पथारी टाकली, त्याच्याच ओळखीने काम मिळाले, घरी मनिऑर्डर जाऊ लागली. बायको शेत सांभाळी आणि तो गणपतीला, शिमग्याला घरी येई. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर ही वाट मोडत गेली, पण गावचे घर आणि जमीन यांचा आधार अनेकांना राहिला.

दुसरी तऱ्हा कातकऱ्याची. भातकापणी उरकली, दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे पोराबाळांसकट वीटभट्टीवर आणि कोळसाभट्टीवर जातात. काही घाट चढून वर येतात, काही थेट कर्नाटकात जातात. पावसाच्या तोंडाला परत येतात. ठाणे-रायगडच्या वाड्यापाड्यांत याला 'जगायला जाणे' म्हणतात.

डोंगर तोच, पाऊस तोच, मग दोन वाटा कशा? बकल्स आणि राजीव खेडकर यांनी रायगड-ठाण्याच्या कातकरी वाड्यांवर अभ्यास करून 2013 मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. कित्येक वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर वसलेल्या आहेत, आणि जमिनीला भाव आला की मालक कुंपण घालतो, हे त्यात दाखवले आहे. ज्याच्या पायाखालची जागाच त्याची नाही, त्याला वाट निवडता येत नाही. चाकरमानी गाववाल्याच्या भरवशावर निघाला. कातकरी निघतो तो आगाऊ रकमेवर. भर पावसाळ्यात घरातले दाणे संपतात, हाताला काम नसते, तेव्हा भट्टीवाल्याचा माणूस पैसे देऊन जातो. ते फेडायला हंगामभर राबायचे आणि अंगावर बाकी राहिली तर पुढच्या सालीही तिथेच जायचे.

बंधूंनो, ही आपलीच उचल आहे.

हिशेब मांडून पाहू

नवरा-बायको मिळून एक कोयता. हिशेबापुरते धरू की त्यांनी 1 लाख रुपये उचल घेतली, दिवसाला 2 टन ऊस तोडला आणि टनाला 360 रुपये मिळाले. 150 दिवसांचा हंगाम झाला तर 1 लाख 8 हजार होतात, उचल फिटते. पण पाऊस कमी झाला, ऊस नाही म्हणून कारखाना 120 दिवसांत बंद झाला, तर 86 हजार 400 होतात. 13 हजार 600 रुपये अंगावर राहिले. आठवड्याची खर्ची तर यात धरलेलीच नाही. हंगाम किती दिवस चालणार हे तोडणाऱ्याच्या हाती नाही, पण आखूड हंगामाचा तोटा त्याच्या नावावर चढतो. टोळी फुटते त्यामागे नुसती लबाडी नसते, कधी कधी हा हिशेबही असतो. टोळी फुटली की बुडतो आपला वाहतूकदार आणि शेवटी आपण.

यात बाईच्या जिवावरही बेतते. 2019 साली शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात 82 हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा 13 हजारांवर महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. खाडा पडला की पैसे कापले जातात, ही धास्ती त्यांच्या मागे असते.

बाहेरचाच मजूर का?

डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी बारडोलीच्या सहकारी साखर पट्ट्यात अभ्यास केला. तोडणीला तिथे खानदेशातून मजूर आणले जात. मग गुजरातेत भूमिहीन नव्हते काय? होते. तिथले हळपती स्वतः वीटभट्ट्यांवर बाहेर जात होते. ब्रेमन यांचे म्हणणे असे की, प्रश्न नुसता मजूर कमी असण्याचा नाही. परका माणूस रात्री-अपरात्री फडात उभा करता येतो, त्याला तिथे सोयरा नाही की सरपंच नाही. हे वाचायला कडू आहे, पण सहकारी म्हणवणाऱ्यांनी वाचले पाहिजे.

वेस ओलांडली की नाही?

1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात पासबुक, प्रवासभत्ता, विस्थापन भत्ता अशा तरतुदी होत्या. पुढे 2020 मध्ये तो नव्या श्रमसंहितेत घेतला गेला. पण ही तरतूद राज्याची सीमा ओलांडणाऱ्यासाठी. रोह्याचा कातकरी कर्नाटकात गेला तर कागदावर त्याला संरक्षण आणि बीडचा जोडपी कोयता तेवढेच अंतर तोडून आपल्या फडात आला तर नाही. मात्र 1976 चा वेठबिगार निर्मूलन कायदा कोणतीच सीमा विचारत नाही. उचलीपायी माणसाला दुसरीकडे कामाला जाण्याची मोकळीक उरली नाही, तर तो लागू होऊ शकतो. हे प्रत्येक सभासदाने ध्यानात ठेवावे.

मोजणीचेही तसेच. 2011 च्या जनगणनेत स्थलांतरितांचा आकडा सुमारे 45 कोटी आला. त्यात लग्न होऊन सासरी गेलेल्या बायकांचा वाटा सर्वांत मोठा. सहा महिने जाऊन परत येणारा हंगामी मजूर या पद्धतीत नीट सापडत नाही. त्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च होती. 2025 च्या अधिसूचनेत पुढच्या जनगणनेसाठीही 1 मार्च 2027 हीच तारीख धरली. त्या दिवसांत माणूस फडात असतो आणि गावच्या घराला कुलूप असते.

आपण काय करावे?

सरकारने मोजले नाही तरी आपल्याला मोजता येते. गट ऑफिसात चिटबॉयकडे टनांची नोंद असतेच. त्याच वहीत कोयत्यागणिक नवरा-बायको दोघांची नावे, गाव, मुलांची वये आणि घेतलेली उचल लिहावी. दर पंधरवड्याला फेड वाचून दाखवावी आणि कागद मुकादमाबरोबर कोयत्याच्याही हाती द्यावा. हंगाम आखूड झाला तर बाकीचा भार एकट्या कोयत्यावर राहू नये, यासाठी काय ठरवता येईल ते वार्षिक सभेत बोलावे.

गटसभेत चर्चेसाठी प्रश्न :
1. आपल्या फडात गेल्या हंगामात आलेल्या कोयत्यांपैकी किती जणांची गावे आपल्याला सांगता येतील?
2. त्यांची उचल फिटली की राहिली, हे कोणाला ठाऊक आहे? मुकादमाला, की त्यांना स्वतःलाही?
3. हंगाम 30 दिवसांनी आखूड झाला, तर तोटा कोणी किती सोसावा?

उत्तरे गट ऑफिसात लेखी द्यावीत. त्यांवरून सभेपुढे ठेवायचा मसुदा तयार करता येईल.