आंबा तोडल्यानंतर : बागायतदारास द्यावयाचे चार धडे

धान्याच्या व्यापाऱ्यास टिकवणुकीचे शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. ज्वारी वा गहू नीट वाळला, त्यातील ओलावा १२ टक्क्यांच्या आत राहिला, की पोते थप्पीला लावून निश्चिंत राहता येते. धान्य हे सजीव बीजच होय. परंतु सुकले की ते जणू झोपी जाते. आंब्याचे तसे नाही. त्यात ८० टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि झाडापासून तोडल्यावरही फळ श्वास घेत राहते. उष्णतामान १० अंशांनी वाढले, की या श्वसनाचा वेग दुपटीतिपटीने वाढतो. म्हणून धान्याचा शत्रू ओल, तर फळाचा शत्रू ऊन व इजा. कोकण, गोवा व धारवाड या भागांत पिकणाऱ्या हापूसचा विचार करताना हे सूत्र प्रथम ध्यानात धरावे.

पहिला धडा तोडणीच्या वेळेचा. कोकणातील जाणते लोक १४ आणे तयार झालेले फळ काढावे असे म्हणतात. देठाजवळचे खांदे वर येतात, गडद हिरवा रंग फिकट होतो, पाण्यात टाकल्यास फळ बुडते. हंगामाच्या आरंभीच्या चढ्या भावासाठी कोवळे फळ तोडले, तर ते सुरकुतते आणि त्यास गोडी येत नाही. मग ते रंगविण्यासाठी कार्बाइडचा मोह होतो. कार्बाइडने फळ पिकविण्यास कायद्याने बंदी आहे आणि त्यातील आर्सेनिक व फॉस्फरस यांचे अंश शरीरास घातक आहेत. नियंत्रित खोलीत इथिलीन वायू मर्यादित प्रमाणात वापरण्यास मात्र मुभा आहे.

दुसरा धडा देठाचा. काठीने झोडपलेले फळ बाहेरून धड दिसले, तरी आतून ठेचलेले असते. देठ मुळापासून तुटला, की त्या जागेतून चीक वाहतो, सालीवर पसरून ती जाळतो, आणि त्याच वाटेने देठकुजीची बुरशी आत शिरते. यासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘नूतन’ झेला उपयोगी आहे; त्याचे पाते देठ ठेवून फळ कापते व फळ जाळीत अलगद पडते.

तिसरा धडा सावलीचा. तोडणी सकाळी लवकर वा ऊन उतरल्यावर करावी. फळे तापलेल्या जमिनीवर पसरू नयेत. जमिनीच्या धगीने हापूसमध्ये साका वाढतो, असे अभ्यासकांनी दाखविले आहे. शीतगृहातही अति थंडी नको. १२ ते १३ अंश सेल्सिअस मानवते. १० अंशांखाली साल काळवंडते व चव बिघडते.

चौथा धडा करप्याचा. ही बुरशी मोहोर व कोवळ्या फळावरच बसते, सालीत दडून राहते आणि फळ पिकताना काळे डाग होऊन प्रकटते. ग्राहक दुकानदारास दोष देतो, पण रोगाचे मूळ बागेत असते. वाळक्या फांद्या छाटणे व मोहोराच्या काळात जपणे हा पहिला उपाय. तोडणीनंतर २४ तासांच्या आत ५२ अंशांच्या पाण्यात ५ ते १० मिनिटे फळ बुडवून, पुढे थंड करून सुकविणे हा दुसरा. येथे उष्णतामापक हवाच. अंदाजाने पाणी तापविल्यास फळ भाजते.

हे सारे शिकवावे कसे? व्याख्यानापेक्षा प्रयोग बरा. एकाच झाडाचे दोन डझन आंबे घ्यावेत. एक डझन झेल्याने, देठासह काढून सावलीत ठेवावेत. दुसरे झोडपून पाडावेत. दोन्ही पेंढ्याच्या वेगवेगळ्या आढीत घालून आठ-दहा दिवसांनी बागायतदारांसमोर उघडावेत. नासलेली फळे त्यांनी स्वतः मोजावीत. मोजलेले नुकसान मनुष्य विसरत नाही.

परंतु व्यापारी बंधूंनो, खरा धडा आपल्याच पेढीवर दिला जातो. गव्हाचा नमुना मूठभर हातात घेऊन आपण प्रतीप्रमाणे भाव ठरवितो. आंब्याच्या पेटीला मात्र वरचा थर पाहून सरसकट एकच भाव देतो. मग देठासह फळ काढण्यासाठी अधिक मजुरी बागायतदाराने कोणत्या आशेने द्यावी? निष्काळजी शेजाऱ्याच्या मालालाही तोच भाव मिळालेला पाहिला, की पुढील वर्षी तोही काठी हाती घेतो. तो अडाणी नसतो. त्याने आपल्या व्यवहारावरून हिशेब केलेला असतो.

यास्तव येत्या हंगामापासून फळांचे व्यवहार करणाऱ्या सभासदांनी पेटी तळापर्यंत पाहावी, देठयुक्त व निर्दोष मालास वेगळा भाव द्यावा आणि तो फरक पट्टीवर स्पष्ट लिहावा. दोन रुपये अधिक का मिळाले, हे ज्यास पट्टीवरून कळेल, त्यास पुन्हा उपदेश करावा लागणार नाही.