'लय भारी झालं, सर!'

गेल्या जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळत असताना मी मोबाइलसमोर बसून राधानगरी धरणावर व्याख्यान दिलं. 'लय भारी झालं, सर!' असे निरोप आले. यूट्यूब स्टुडिओतली रेघ मात्र वेगळंच सांगत होती.

१. प्रास्ताविकातच गळती होते. प्रेक्षक कुठवर टिकले हे दाखवणारी रेघ पहिल्या दोन मिनिटांतच घसरली होती. तेव्हा माझं मान्यवरांचं स्वागत चालू होतं. हॉलमधले लोक चहाच्या आशेनं बसून राहतात. घरी चहा आधीच झालेला असतो.

२. शाहू महाराजांनी काम सुरू केलं, ते १९२२ ला गेले, धरण पुरं झालं स्वातंत्र्यानंतर, १९५८ मध्ये दाजीपूरचं अभयारण्य... सनावळीबरोबर रेघ उतरतच गेली. सात स्वयंचलित दरवाज्यांपाशी मात्र एकदम उंचवटा! वीज नाही, बटण नाही; पाणी ठरावीक पातळीला आलं की पाण्याच्याच दाबानं दरवाजा उघडतो, हे मी वहीचा पुठ्ठा हलवून दाखवलं होतं. लोक मागे जाऊन तेवढंच पुन्हा बघत होते. आता मी दरवाज्यांपासूनच सुरुवात करतो. मग 'हे बांधलं कुणी?' असं लोकच विचारतात, आणि महाराजांची गोष्ट कान देऊन ऐकतात.

३. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाच्या लाटा दिसतात; थांबलात की रेघ सपाट होते. माझी कुठंच सपाट नव्हती. दोष पावसाला दिला. उघडीप बघून पहाटे पुन्हा ध्वनिमुद्रण केलं, तरी तेच. प्रत्येक फटीत 'म्हंजे' बसलेलं. दहा मिनिटांत ४१! सगळे गाळून बोललो तर बायको म्हणाली, 'बातम्या वाचताय काय?' मग पाच-सहा राहू दिले. कोल्हापूरकडचा माणूस आहे, एवढं कळायला हवंच.

४. थेट प्रक्षेपणात बोलताना प्रेक्षकांचा आकडा बघू नये. तो कमी झाला की माझा वेग वाढायचा. आता पडद्याच्या त्या कोपऱ्यावर कागदाची पट्टी चिकटवतो.

५. रेघ 'कुठं' ते दाखवते, 'का' ते नाही. एका थेट व्याख्यानात गव्याची गोष्ट ऐन रंगात असताना प्रेक्षक धाडकन कमी झाले. माझी आवडती गोष्ट. तरी जड मनानं टिपणातून खोडली. आठवड्यानं एक जुना विद्यार्थी बाजारात भेटला. 'सर, गव्याचं पुढं काय झालं? आमच्याकडची लाईट गेली तेवढ्यात.'

गवा परत टिपणात आला.